लग्नाविना सहजीवन : करारनामा कशासाठी?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत.)



 दरवर्षी मी या मंडळात मांडवाचे खांब आणि विजेच्या तारा तपासायला असतो. माईकसमोर उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांचे करारनामे." ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "अहो, गणपतीत हा विषय? रुळांवर बोला की काहीतरी!"

त्यांचे बरोबर आहे. मी रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनिअर, रेलपथ विभाग. पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा, त्यानंतर जबलपूर, कटनी, इटारसी असे रुळांवरचे आयुष्य. मी वकील नाही. तरी हा विषय घेतला, कारण अशा एका करारनाम्यावर साक्षीदार क्रमांक दोन म्हणून माझी सही आहे. तो करार ऐन वेळी उपयोगी पडला नाही. का पडला नाही, हे समजून घेण्यासाठी गेली तीन वर्षे वकिलांकडे चकरा मारल्या, निकाल वाचले. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

ज्यांची गोष्ट सांगणार आहे त्या माझ्या मावशी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी प्रसादाला त्यांच्या हातच्या अळूवड्या खाल्ल्या आहेत. त्यांच्या परवानगीनेच बोलतो आहे. "सांग सगळं. फक्त सरांना कोणी नावं ठेवील असं बोलू नकोस," एवढेच त्या म्हणाल्या.

माझे मावसोबा रेल्वेतच होते. २००९ साली ते गेले. मावशींना फॅमिली पेन्शन सुरू झाली. एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी. मावशी भोपाळला एकट्या. तिथल्या भजनी मंडळात एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू. त्यांची पत्नी वारली होती, मुलगा बंगलोरला. ओळख वाढली. दोघांनाही सोबत हवी होती आणि दोघांनीही ती लपवली नाही.

मग लग्न का केले नाही? हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. उत्तर पेन्शनच्या नियमात आहे. विधवेने पुन्हा लग्न केले की तिची फॅमिली पेन्शन बंद होते. मूल नसलेल्या विधवेला उत्पन्नाच्या मर्यादेत सवलत आहे, पण मावशींना मुलगी आहे. पुन्हा लग्न केले तर कळवीन, असे लेखी दिलेले असते, आणि मावशी खोटी सही करणाऱ्यातल्या नाहीत. साठीच्या उंबरठ्यावर हातचे हक्काचे पैसे सोडायचे आणि पै-पैशासाठी दुसऱ्याकडे बघायचे, हे त्यांना नको होते. २०१६ साली त्या सरांच्या फ्लॅटवर राहायला गेल्या.

जाण्यापूर्वी सर म्हणाले, "उद्या माझं काही झालं तर हिला कोणी बाहेर काढू नये. कागद करू." कोर्टाबाहेर टायपिस्टकडे तयार मसुदा होता. स्टँप पेपरवर करारनामा झाला. आम्ही मित्र म्हणून एकत्र राहू, खर्च निम्मा-निम्मा करू, आणि माझ्या पश्चात यांना या फ्लॅटमध्ये तहहयात राहू द्यावे. नोटरीचा शिक्का बसला. पहिला साक्षीदार तिथेच बाकावर बसलेला कोणी. दुसरा मी. मी ब्लॉकमधून उशिरा पोहोचलो, सरांनी कागद पुढे केला, मी शेवटचे पान उलटून सही केली. वाचलासुद्धा नाही.

मंडळी, आमच्या खात्यात मेजरमेंट बुक असते. स्वतः मोजल्याशिवाय त्यात सही करायची नाही, हा पहिला धडा. वीस वर्षे मी तो पाळला. घरच्या कागदावर मात्र न मोजता सही केली.

२०२२ च्या नोव्हेंबरात सरांना हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयाच्या फॉर्मवर नाते विचारले. मावशींनी लिहिले, "स्नेही." त्यानंतर सगळी विचारपूस फोनवरून मुलाकडेच होत राहिली. मावशी बाहेर बाकावर. आठव्या दिवशी सर गेले. तेराव्यानंतर मुलगा मावशींना म्हणाला, "काकू, तुम्ही बाबांचं खूप केलंत. पण घर मला विकावं लागेल." त्याने घाई केली नाही, दोन महिने दिले, आवाज चढवला नाही. त्याला मी दोष देत नाही. कायद्याने घर त्याचे होते.

आम्ही करारनामा घेऊन वकिलांकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली : नोटरी सही कोणाची ते प्रमाणित करतो. त्याच्या शिक्क्याने मजकूर कायदेशीर होत नाही.

दुसरी : स्थावर मालमत्तेतला शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा हक्क जिवंतपणी कोणाला द्यायचा असेल, तर तो दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो. हा नोंदवलेला नव्हता.

तिसरी : "माझ्या पश्चात" म्हटले की तो विषय मृत्युपत्राचा. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण दोन साक्षीदार लागतात, आणि करणाऱ्याने सही केलेली त्या प्रत्येकाने पाहिलेली असावी, किंवा करणाऱ्याने स्वतः "ही माझी सही" असे त्याला सांगितलेले असावे. आमचा पहिला साक्षीदार कोण, हेच कोणाला ठाऊक नव्हते. वकील म्हणाले, "या करारालाच मृत्युपत्र म्हणून उभे करायचा प्रयत्न करता येईल. वर्षे जातील, निकालाची खात्री नाही." मावशी म्हणाल्या, "त्याच्या मुलावर मी दावा लावणार नाही."

स्वयंपाकघर नवे करायला मावशींनी जवळपास दोन लाख घातले होते. बिले सगळी सरांच्या नावाची. त्याही पैशांचा पुरावा नाही. मी टेंपो घेऊन गेलो आणि त्यांना जबलपूरला आणले. सामान म्हणजे दोन बॅगा, देव्हारा आणि शिवणयंत्र.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. पहिली गोष्ट, दोन सज्ञान व्यक्तींनी लग्न न करता एकत्र राहणे हा गुन्हा नाही. अभिनेत्री खुशबू यांच्यावरच्या फौजदारी तक्रारी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले. २०१८ मध्ये केरळच्या एका प्रकरणात पुन्हा तेच सांगितले.

दुसरी गोष्ट, गुन्हा नाही म्हणजे ते लग्नही नाही. जोडीदार कितीही वर्षे राहिला तरी हिंदू वारसा कायद्यात त्याचे नाव वारस म्हणून येत नाही. दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांचे लग्न झाले असावे असे न्यायालय गृहीत धरते, हे खरे आहे. १९७८ च्या एका निकालात सुमारे ५० वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याबाबत तसे धरले गेले. पण तिथे लोकही त्यांना नवरा-बायको मानत होते. "आम्ही लग्न केलेले नाही" असे ज्यांनी स्वतःच लिहून दिले आहे, त्यांनी या आधारावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट, स्त्रीला एक भक्कम संरक्षण आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, तो "विवाहासारख्या" नात्यातल्या स्त्रीलाही मारहाण, छळ, घराबाहेर काढणे यांविरुद्ध दाद देतो, राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि पैशाची मदतही देतो. विवाहासारखे नाते कोणते, हे न्यायालयाने २०१० च्या वेलुसामी निकालात सांगितले : दोघे समाजात जोडपे म्हणून वावरत असावेत, लग्नाच्या वयाचे असावेत, लग्नाला पात्र म्हणजे अविवाहित असावेत, आणि स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. २०१३ च्या इंद्रा शर्मा प्रकरणात पुरुष विवाहित होता आणि बाईंना ते माहीत होते. अनेक वर्षे एकत्र राहूनही त्यांना या कायद्याखाली दाद मिळाली नाही.

आमच्या वकिलांनी मावशींना या कायद्याचाही मार्ग सुचवला होता. "विवाहासारखे नाते" आणि "विवाह" या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही समजावले. पण एकीकडे पुन्हा लग्न केले नाही असे लिहून दिलेले, आणि दुसरीकडे बायकोसारखी राहिले असे कोर्टात सांगायचे, याची त्यांना धास्ती वाटली. पेन्शनवर कोणी बोट ठेवले तर? त्या मागे हटल्या. तुमच्यापैकी कोणी पेन्शनसाठी लग्न टाळत असेल, तर ही ओढाताण आधीच समजून घ्या. घराचा हक्क नात्याच्या नावावर सोडू नका, वेगळ्या कागदाने पक्का करा.

करारनामा हा शब्द ऐकला की गुजरातची मंडळी "मैत्री करार" म्हणतात. त्याचा इतिहास चांगला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसरे लग्न बंद केले. मग गुजरातेत, विशेषतः सत्तर-ऐंशीच्या दशकांत, विवाहित पुरुष दुसऱ्या स्त्रीशी स्टँप पेपरवर मैत्रीचा करार करू लागले. त्या स्त्रीला वाटे, आपल्याला काही दर्जा मिळाला. प्रत्यक्षात बायकोचा दर्जा कोणत्याही करारातून मिळत नाही. घरी असलेल्या पहिल्या बायकोवर अन्याय झाला तो वेगळाच. आमच्या टायपिस्टकडचा मसुदा त्याच जातीचा होता, हे मला नंतर कळले.

मग करार करूच नये का? करावा, पण त्यात काय चालते आणि काय चालत नाही ते पाहून. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ नुसार ज्याचा हेतू अनैतिक किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे तो करार रद्दबातल. म्हणून "माझ्यासोबत राहिल्याबद्दल इतके पैसे" अशी भाषा कधीही नको. कलम २६ नुसार कोणाला लग्नापासून रोखणारा करार चालत नाही. तेव्हा "पुढे दुसऱ्या कोणाशी लग्न करणार नाही" हे वाक्य निरुपयोगी. "मारहाण झाली तरी तक्रार करणार नाही" असे लिहून घेतले तरी कायद्याने दिलेले संरक्षण जात नाही. मुलाचा ताबा कोणाकडे, हे आईबापांनी लिहिले तरी न्यायालय मुलाचे हित पाहूनच ठरवते.

चालते ते असे : घराचे भाडे आणि खर्च कोणी किती द्यायचा, कोणती वस्तू कोणाची, कोणी कोणाला किती रक्कम दिली आणि ती परत करायची की नाही, वेगळे व्हायचे ठरले तर किती दिवसांची सूचना, ठेवीची रक्कम कोणाची. थोडक्यात, पैसा आणि वस्तू यांचा स्वच्छ हिशेब. मावशींचे दोन लाख अशा एका ओळीत बसले असते.

माझ्या अनुभवाचे सार एवढेच, की एका करारात सगळे कोंबू नका. प्रत्येक गोष्टीचा कागद वेगळा असतो. मी पाच सांगतो.

एक, खर्चाचा आणि वस्तूंचा करारनामा. आत्ताच सांगितला तसा.

दोन, घर. भाड्याचे असेल तर भाडेकरारात दोघांची नावे घाला. विकत घेत असाल तर खरेदीखतात दोघांची नावे आणि हिस्सा लिहा. एकाचेच असेल तर दुसऱ्याचा राहण्याचा हक्क नोंदणीकृत दस्ताने द्या.

तीन, मृत्युपत्र. "माझ्या स्वकष्टार्जित फ्लॅटमध्ये अमुक यांना हयातभर राहण्याचा हक्क, त्यानंतर फ्लॅट माझ्या मुलाचा," एवढे दोन ओळींत लिहिता येते. मुलाचेही जात नाही आणि बाईही रस्त्यावर येत नाही. साक्षीदार ओळखीचे, वयाने लहान आणि गरज पडल्यास कोर्टात येतील असे निवडा. नोंदणी सक्तीची नसली तरी करून टाका.

चार, बँक आणि नामनिर्देशन. नॉमिनी केले म्हणजे मालक केले, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. बँक नॉमिनीला पैसे देते, पण ते कोणाचे हे मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. समोर बसलेल्या रेल्वेच्या मंडळींना एक जास्तीची सूचना. आपल्या प्रॉव्हिडंट फंडात, कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन चालत नाही. पास, उमीद कार्ड, फॅमिली पेन्शन यांच्या कुटुंबाच्या व्याख्येतही लग्नाविना जोडीदार बसत नाही. तेथे कोणताही करारनामा चालणार नाही.

पाच, आजारपण. कोणाला माहिती द्यावी, कोणाला आत येऊ द्यावे, याचे सही केलेले पत्र फाइलमध्ये ठेवा. असाध्य आजारात कोणते उपचार नकोत आणि निर्णय कोणी सांगावा, याचे आगाऊ निर्देशपत्र करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली. २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मावशी बाकावर बसल्या होत्या त्या आठ दिवसांत असे एखादे पत्र त्यांच्या पर्समध्ये असते, तर त्या निदान डॉक्टरांशी बोलू शकल्या असत्या.

तरुणांसाठी दोन शब्द. पुणे-बंगलोर-हैदराबादला नोकरीला असलेली आपली मुले-मुली असे राहत असतील, तर ते आपल्याला आवडो वा न आवडो, त्यांना एवढे सांगा. लग्नाचे खोटे वचन देऊन संबंध ठेवणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ६९ चा गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तेव्हा लग्नाचा विचार आहे की नाही, हे एकमेकांशी स्पष्ट बोला. मूल झाले तर आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो, त्याला पोटगीचा हक्क आहे. आणि उत्तराखंडात राहत असाल तर तिथे समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा नात्याची महिन्याच्या आत नोंद सक्तीची केली, नोंद न करणाऱ्याला कैद किंवा दंड ठेवला, आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येईल अशी तरतूद केली. सरकारने खासगी गोष्टीत इतके शिरावे का, यावर मतभेद आहेत आणि ते न्यायालयातही गेले आहेत. पण तिथे राहणाऱ्याला नियम ठाऊक हवा.

आता ज्येष्ठांकडे वळतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. आपली मुले दूर गेली आहेत. पुण्यात माधव दामले यांनी ज्येष्ठ नागरिकांच्या लिव्ह-इनसाठी मंडळ काढले, अहमदाबादेत नटूभाई पटेल यांच्या संस्थेने २०११ मध्ये त्यासाठी परिचय मेळावा घेतला. म्हणजे गरज आहे. उद्या आपल्या मंडळातही कोणी असा निर्णय घेईल. ज्यांना लग्न करणे शक्य आहे त्यांनी जरूर करावे, त्याने निम्मे प्रश्न सुटतात. ज्यांना शक्य नाही त्यांना नावे ठेवू नका. त्यांना चांगला वकील शोधून द्या, आणि मुलांना समोर बसवून बोलायला सांगा. सरांनी मुलाला तो कागद कधी दाखवलाच नव्हता. दाखवला असता तर कदाचित तो स्वतःच म्हणाला असता, काकू, तुम्ही राहा.

काही जण म्हणतात, कागद केला म्हणजे विश्वास नाही. आम्ही रूळ टाकतो तेव्हा फिशप्लेटच्या जोडात दोन रुळांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवतो. उन्हात लोखंड वाढणार, हे आधीच धरून चालतो. ती ठेवली नाही तर मे महिन्यात रूळ वाकतो. लोखंडावर आमचा अविश्वास नसतो. कधी ना कधी ऊन पडणार, एवढे आम्हाला ठाऊक असते.

मावशी आज आमच्या घरी आहेत. त्यांना काही कमी नाही, असे मी म्हणतो. त्या नाही म्हणत नाहीत. पण दर महिन्याच्या सात तारखेला सरांच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी करतात आणि त्या दिवशी फारसे बोलत नाहीत. सहा वर्षे ज्या घराची त्यांनी झाडलोट केली, त्या घराच्या दारावर आता दुसऱ्याच कोणाची पाटी आहे.

माझी विनंती एवढीच. तुमच्यापुढे असा कागद सहीला आला, तर खुर्ची ओढून बसा, पहिल्या पानापासून वाचा, आणि समजले नाही तर सही करू नका. मी तेव्हा दहा मिनिटे दिली असती तर हे भाषण करायची वेळ आली नसती.